गाडीतलं पाणी, बंगल्यातलं बटण

बारामती,
२० जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

कालपासून आमची गाडी बंगल्याला जोडली गेली. गाडी अंगणात उभी असो की भिगवणला, तिच्या बॅटरीत किती दम आहे, टाकीत पाणी किती, गॅस गळतोय का, दार लागलंय की उघडं, हे सगळं बंगल्याच्या हॉलमधल्या पडद्यावर दिसतं. माझा विश्वास बसेना, म्हणून ह्यांनी स्वतः खात्री करून दिली. मी अंगणात गाडीत जाऊन पंप चालू करून नळ सोडला आणि हॉलमधून ह्यांनी ओरडून सांगितलं की काटा खाली येतोय. अप्पा, किती महिन्यांनी हे ओरडले असतील! शेजारच्या बाई दारात आल्या, काय झालं म्हणून.

हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या कानाचं यंत्र पेटीत आणि पेटी कपाटात. तेव्हा पत्र.

तुम्ही विचारलं होतं की घरात तीन खोल्या असताना चाकावरची खोली कशाला. कारण साधं आहे आणि सांगायला मला लाज नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांची उजवी बाजू अजून अधूच आहे. घराबाहेर कुठे संडासला जाता येत नाही, खाली बसता येत नाही. म्हणून हे कुठेच जाईनात. लग्न नाही, बारसं नाही, दहाव्यालाही नाही. जायचंच झालं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडायचे. ज्या माणसानं नीरा डाव्या कालव्याच्या दारांवर तीस उन्हाळे काढले, तो घोटभर पाण्याला भिऊ लागला. मग मी माझ्या फंडातून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. एमआयडीसीतल्या गॅरेजवाल्यानं आत पलंग, ओटा आणि ह्यांच्या उंचीला बेतलेला, दोन्ही बाजूंना दांडे असलेला संडास बसवून दिला. पाण्याची सोय घरासारखीच आहे. पलंगाखाली मोठी टाकी, पडद्यावरचा काटा तिचाच; टपावर छोटी, खालचं पाणी वर चढवायला एक पंप. वरची भरली की जादा पाणी नळीनं गाडीखाली पडतं, ते दिसलं की मी पंप बंद करते.

आमच्या पोराला, अद्वयला, गाडी पहिल्यापासून नको होती. शेवटी पाडव्यापर्यंतची मुदत दिली आहे त्यानं. तोवर एकदा जरी काही बिघडलं, तर गाडी विकायची. पुण्याचं एक गिऱ्हाईक त्यानं आधीच पाहून ठेवलंय. जोडणी त्यासाठीच. म्हणाला, निदान मला दिसेल तरी. मी हो म्हटलं. पण अप्पा, तो पडदा पाहताना मला आमच्या दूध संघातल्या प्रयोगशाळेतल्या बाटलीसारखं वाटतं. चिठ्ठी चिकटवलेली, फळीवर ठेवलेली.

फुलावहिनींना नमस्कार. तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या. सल्ला थोडा कमी केलात तरी चालेल.

तुमची,
पद्मा

•

निमगाव केतकी,
२७ जानेवारी

चि. सौ. पद्मीस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं, मंग तुज्या फुलावहिनीला वाचून दावलं. ती म्हनली, अवो, संडास संगं घिऊन हिंडनारी बाई सबंध तालुक्यात ही एकच. मी म्हनलं, बाई कुनाची हाय ते बग. लहानपनी ईतभर आसताना बैलगाडी हाकायची म्हनून भोकाड पसरलं हुतंस, आठवतंय का? आता ईस फुटी गाडी हाकती. हाक. पन वळनावर दमानं.

अद्वयचं म्हनशील तर पोरगं वाईट न्हाय. माज्या हिरीवरची मोटारबी त्यानं त्याच्या त्या पडद्यात घातली. पयलं मोबाईल ष्टार्टर हुता. मोटार चालू झाली की फोनवर एक बाई सांगायची, पन मला काय आईकू यायचं? बाई बिचारी बोलून बोलून दमली. आता समदं ऑटोवर हाय. हितं लाईट आली की मोटार आपुआप चालू. आपल्याकडं पंप म्हनला की ऑटोवरच पायजे, न्हायतर रातच्याला कोन उठनार? सध्या शेतीची लाईट रातचीच हाय. मी झोपतो, मिरची पानी पिती.

आता कामाचं. महिपतीच्या श्रेयाचं लगीन सोमवारी इंदापुरात हाय. चुलतभाऊ आसला तरी सख्ख्यासारखा हाय, समद्यांनी याचं. दाजींना आन. आता सबब न्हाय. मी येनार, फुला न्हाय. गाय व्यायाला झालीय, ती गायीला सोडायची न्हाय आनि मला सोडलं तरी चालतंय तिला.

येताना जिवाला जपून या. हितं एक म्हातारा तुमची वाट बगतोय, हे ध्यानात आसू द्या.

तुजा,
अप्पा

•

बारामती,
४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

घरातल्या घरात पत्र लिहितोय, कारण बोलायला गेलो की आपला दोघांचाही आवाज चढतो आणि बाबा कूस वळवतात.

काल इंदापुरात जे झालं, ते मी बंगल्यात बसून पाहत होतो. मांडवात अक्षता पडायच्या आधी गाडीच्या टाकीचा काटा उतरायला लागला आणि पार तळाला गेला. मी तुला फोनावर फोन केले. डीजेच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल, ते मी समजू शकतो. पण पुढचं मला महिपतीमामांच्या मुलाकडून कळलं. बाबा आत अडकलेले, नळाला थेंब नाही, आणि मांडवातली पोरं सगळ्या वऱ्हाडासमोरून बादल्या घेऊन धावतायत. कुणीतरी त्याचा व्हिडिओही काढला. बाबा कालपासून जेवायला बाहेर आलेले नाहीत. पाणी घोटभर पिऊन पेला परत करतात. आपण पुन्हा होतो तिथेच आलो, आई.

वऱ्हाडातल्या बानूबाईंना आणि आणखी दोघींना तू गाडीतला संडास वापरू दिलास, हे तूच कबूल केलंस. त्यातून पाणी संपलं, किंवा कुणीतरी नळ उघडा ठेवला. पंप कोरडा फिरून जळाला तो वेगळाच. मी तुला दोष देत नाही. चौसष्टाव्या वर्षी एकटीनं गाडी चालवायची, बाबांना सांभाळायचं आणि टाकीकडेही पाहायचं, हे कुणालाच जमणार नाही.

ज्या रात्री बाबांना झटका आला, तेव्हा मी पुण्यात होतो आणि माझा फोन बंद होता. तेव्हापासून मला दिसायला हवं असतं, आई. सगळं, सारखं. तू याला पाळत म्हणतेस. मला दुसरं काही करता येत नाही.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी सोळा तारखेला, रविवारी बोलावलं आहे. ठरलं होतं तसंच करतोय. रागावलीस तरी चालेल, पण बोल.

तुझाच,
अद्वय

•

निमगाव केतकी,
५ फेब्रुवारी

चि. सौ. पद्मीस,
अप्पाचे आशीर्वाद.

पोष्टाला लय टाईम लागंल म्हनून दूधगाडीवाल्याच्या हाती चिट्टी धाडतो.

लग्नात झालं त्ये मनाला लावून घिऊ नगंस. हासनाऱ्यांना मी तितंच झाडलं. व्हिडू काढनाऱ्या त्या पोराचा फोन घिऊन मी बंडीच्या खिशात घातला आनि जेवान हुस्तर दिला न्हाय. त्यो मागत हुता, मला आईकूच यीना. कान बिघडल्याचा येवडाच फायदा.

पन पद्मे, आता आईक. पोरगं म्हनतंय तर वीक ती गाडी. दाजींचं त्वांड बगितलं मी. बादली आत देताना त्यांनी मान खाली घातली हुती. कालव्यावर आसताना ह्या मानसानं आमदाराच्या मानसाला दार उगडून दिलं न्हवतं. तसल्या मानसाची मान खाली गेल्याली मला बगवत न्हाय.

माजीबी त्या दिशी लय नुकसानी झाली. तुमच्या नादात कुनाला सांगितलं न्हाय. सोमवारपास्नं लाईट दिवसाची झाली. मी मांडवात, फुला गोठ्यात. मांडवात डीजे वाजत हुता तवाच हितं लाईट आली आनि मोटार चालू झाली. मी वाफं बंद करून गेलो हुतो, समदं पानी एकाच सरीला गेलं. मिरचीची निम्मी पट्टी बुडाली. फुलानं मला आल्या आल्या जे झाडलं, त्ये मात्र समदं आईकू आलं.

आनि व्हय, तुमच्या गाडीखाली येवडा चिकूल कशाचा झाला हुता? माजी नवी चप्पल त्यात आडकली. महिपतीनं पानी मारलं हुतं का काय तितं?

जेवत ऱ्हा. दाजींना जेवाय लाव. आमी हितं हाय, त्ये इसरू नगंस.

तुजा,
अप्पा

•

बारामती,
८ फेब्रुवारी

चि. अद्वय यास,
आईचे अ. उ. आ.

तू कागदावर लिहिलंस, मीही कागदावरच लिहिते. म्हणजे नंतर कुणाला कुणी काय म्हटलं यावर वाद नको.

गाडीचा पंप काल सकाळी आपोआप सुरू झाला. मी हात लावला नव्हता, तू लावला नव्हतास. तुझ्या बाबांनी गाडीत बसून स्वतःच्या कानांनी ऐकला आणि स्वतःच्या डोळ्यांनी टाकीचा काटा उतरताना पाहिला.

कसं ते सांगते. अप्पांची चिठ्ठी आली तेव्हा मला दोन गोष्टी खटकल्या. गाडीखाली चिखल झाला होता. तीन बायकांच्या वापरानं चिखल होत नाही, ते पाणी मैल्याच्या टाकीत जातं. चिखल होतो वरची टाकी भरून वाहिली तर. म्हणजे पाणी कुणी सांडलं नव्हतं, कुणीतरी चढवत बसलं होतं. आणि दुसरं, डीजे वाजत असताना निमगावला लाईट आली आणि अप्पांची मोटार सुरू झाली. मी नवा पंप गॅरेजमधून बसवून आणला, गाडीचा मुख्य स्विच चालू केला आणि बाबांना घेऊन आत बसले. तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतास. निमगावला लाईट आली, माझ्या फोनवर उघडलेल्या तुझ्या पडद्यावर मामांची मोटार हिरवी झाली आणि आमच्या पलंगाखाली पंप घरघरायला लागला. चाळीस किलोमीटरवर मिरचीला पाणी, इथे अंगणातल्या फरशीला.

तू गाडीचा पंप सॉफ्टवेअरमध्ये घातलास आणि मामांच्या मोटारीसारखाच ऑटोवर टाकलास, म्हणून तिकडे लाईट आली की बंगला दोन्ही पंपांना चालू म्हणतो. पंप दिसला की ऑटोवर टाकायचा, ही आपल्या सगळ्या खानदानाची सवय आहे, एकट्या तुझी नाही. इतके दिवस लाईट रात्रीची होती आणि रात्री मी गाडीचा मुख्य स्विच बंद करते, म्हणून कळलं नाही. लग्नाच्या दिवशी लाईट दिवसाची झाली. वरची छोटी टाकी तीन-चार वापरांत संपतेच, एरवी ती खालून भरून घेते; त्या दिवशी खाली थेंब उरला नव्हता. बानूबाई बिचारी उगीच बदनाम झाली. तिला मी पुन्हा बोलावणार आहे.

हे तुला हिणवायला लिहीत नाही. पण तू लिहिलंस की तू मला दोष देत नाहीस. अद्वय, तू दिलास. नुसता दिला नाहीस, वर समजूतदारपणे माफही केलंस. त्याचा मला जास्त राग आला.

पंप बंद करून मी तुझ्या बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता म्हणतील की असू दे, विकून टाक. हे म्हणाले की अद्वयनं कालव्याचा पहिला नियम मोडला. दाराची पातळी पुण्याच्या ऑफिसातून कुणीही विचारावी, हवी तितक्यांदा विचारावी. पण दार उघडतो तो दारापाशी उभा असलेला माणूस. वरून कितीही मोठा साहेब असो, त्याला पात्रात कोण म्हातारी कपडे धुतेय ते दिसत नसतं. एवढं मोठं वाक्य हे झटक्यानंतर पहिल्यांदा बोलले. अडखळले, पण पूर्ण केलं. आणि मग पाणी मागितलं. पेलाभर.

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं आहे, ते तुला कळवते. परवानगी मागत नाही. तू गाडीत बसवलेला तो छोटा संगणक आतापर्यंत बंगल्याचा नोकर होता. आता त्याच्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर आहे आणि गाडी स्वतःचं स्वतः चालवते. हे त्याचं पुस्तक मोठ्यानं वाचत गेले, मी टाईप करत गेले. दोनदा सगळं बंद पडलं, एकदा हॉर्न वाजत राहिला. दूध संघात परदेशी यंत्रं आली तेव्हा त्यांची पुस्तकंही मी अशीच वाचली होती. तेव्हा तू पाळण्यात होतास आणि याहून जास्त वाजायचास. पासवर्ड बदलला आहे. तुझ्या वाढदिवसाचा नाही, शोधत बसू नकोस.

तुला बंगल्याच्या पडद्यावर तीन गोष्टी दिसतील. बॅटरी, पाणी आणि गाडी उभी आहे की चालतेय. पाहायला हवं तितकं पाहा, दाबायला काही मिळणार नाही. दार उघडं की बंद, हे मी काढून टाकलं आहे. माझं दार किती वेळ उघडं होतं याचा हिशेब मी माझ्या सासूलाही दिला नव्हता.

गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर आहेत. अट तू एकदा काही बिघडलं तर अशी घातली होतीस. बिघडलं, पण बंगल्यात. मग बंगला विकायचा का?

तुझा फोन त्या रात्री बंद होता, यासाठी मी तुला कधी एक शब्द बोलले नाही आणि बोलणार नाही. तो फोन चालू असता तरी झटका आलाच असता. हे तुला कधीतरी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, ते मी आज सांगते. आमच्यावर डोळा ठेवून ती रात्र परत येणार नाही.

जेवण झाकून ठेवलं आहे. माया कमी झालेली नाही, फक्त बटण माझ्याकडे आलं आहे.

तुझी,
आई

•

बारामती,
९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी रात्रीच सगळं तपासलं. पंप ऑटोवर होता. मीच टाकला होता. मामांची मोटार जोडली त्याच आठवड्यात हेही केलं आणि हात तसाच चालत गेला. बाबांची आणि तुझी क्षमा मागतो. बानूबाईंचीही मागेन, पण त्या मला सोडणार नाहीत हे दिसतंच आहे. मामांची मोटार ऑटोवरून काढू का असं मामींना फोन करून विचारायला लावलं, तर मामा म्हणाले की त्यांची चूक चप्पल घालून गेले ही आहे, मोटारीला हात लावू नको.

तरीही मला गाडी पटलेली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. पंप माझ्या चुकीनं चालला. उद्या टायर कुणाच्याही चुकीशिवाय फुटेल. तेव्हा पडद्यावर नुसतं पाहत बसायचं आणि काहीच दाबता यायचं नाही, हे मला जमेल का, माहीत नाही.

दुसरं असं, की बाबा बोलले ते तुझ्याशी, गाडीत. वऱ्हाडासमोर नाही. त्या बादल्यांनंतर ते पुन्हा चार माणसांत जातील असं मला वाटत नाही. जाणार नसतील, तर गाडी ठेवायची कशासाठी?

रविवारच्या गिऱ्हाइकाला मी नको म्हटलेलं नाही. ते बायको-मुलांसह येणार आहेत. विकायची नसेल तर त्यांना तुम्हीच तोंडावर सांगा.

हॉर्न का वाजत होता ते मला कळलंय. विचारलंस तर सांगेन.

तुझा,
अद्वय

•

बारामती,
१६ फेब्रुवारी, रविवार

चि. अद्वय यास,
आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर समजून घे.

तू झोपला आहेस. उठवत नाही. उठवलं की गाडीचे टायर बघायला बाहेर येशील, म्हणून. ते मी पाहिले आहेत, काठी मारून.

श्रेया मांडवपरतणीला माहेरी आली आहे. महिपतीकडे त्याच मांडवात आज जेवण आहे. लग्नातली बहुतेक सगळी माणसं असतील. बादल्या आणणारी पोरंही असतील. आम्ही इंदापूरला निघालो आहोत. अप्पांना वाटेत निमगावला घेणार. ते कानाचं यंत्र घालून येतो म्हणाले आहेत. मला खात्री नाही.

गाडी मांडवाच्या दारात, त्याच जागी लाव असं मी तुझ्या आईला सांगितलं आहे. ती म्हणाली, मागच्या गल्लीत सावली आहे. मी म्हटलं, सावली नको.

टाकी मी भरली आहे. नळी मी धरली, वेळ लागला. पंपाचं बटण पलंगाच्या डाव्या अंगाला लावून घेतलं आहे. ते मीच दाबणार. सकाळी दोन पेले पाणी प्यायलो, चहा वेगळा. इंदापुरात पोटभर जेवणार आहे आणि ताकही सोडणार नाही.

तू विचारलंस, गाडी ठेवायची कशासाठी. यासाठी.

पुण्याची मंडळी आली की त्यांना चहा दे, पोरांना खाऊ दे. गाडी बाहेर गेली आहे असं सांग. परत कधी येणार विचारलं, तर जेवणं आटोपल्यावर, असं सांग. विकायची आहे का विचारलं, तर माझं नाव सांगून नाही म्हण. तुला जड जात असेल तर हे पत्र दाखव.

तू दिवसभर पडद्यासमोर बसणार, हे मला ठाऊक आहे. बस. दुपारी पंगत उठली की पाण्याचा काटा उतरायला लागेल. फोन करू नको, धावत येऊ नको. ते पाणी मी वापरत असेन.

लोभ आहे, म्हणून एवढं लिहिलं. हात दुखला.

नीळकंठ
(बाबा)